पहिल्या गाडीचं दार

६ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आज सकाळी उठलो आणि आधी खोली झाडली. माझ्या पाठच्या भावाची खोली झाडायला मला इतक्या दूरच्या देशात, डोंगर चढून यावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. झाडण्यासारखं फारसं नव्हतंही. दोन लोखंडी खाटा, एक त्याची आणि एक त्याच्याबरोबर राहणाऱ्या फिटरची. भिंतीला खिळे, खिळ्यांना कपडे. खिडकीत तुझा आणि चिमीचा फोटो. खाटेखालून केर निघाला तो सगळा मिठाचा. "दादा, राहू द्या, धाप लागेल," असं फिटर म्हणत होता, आणि लागलीच. एवढीशी खोली झाडताना मला दोनदा खाली बसावं लागलं. इथली हवा फार विरळ आहे. जपाची माळ घेऊन बसलो तर अर्ध्यावर थांबून श्वास गोळा करावा लागतो. पायऱ्या चढताना मात्र देवाचं नाव मुद्दाम घ्यावं लागत नाही, ते आपोआप तोंडात येतं.

फोन इथून लागत नाही. त्यासाठी खालच्या गावात जावं लागतं, आणि तिथूनही तुझा आवाज ऐकला की माझा फुटत नाही, हे परवा तुला कळलंच. म्हणून लिहितो. डाकेची गाडी आठवड्यातून एकदा येते.

त्याचं सगळं या लोकांनी नीट केलं. इथले ऋतू आपल्या उलट. तो गेला तेव्हा पावसाळा सरता सरता रस्ता वाहून गेला होता आणि मला पोहोचता आलं नाही. इथे झाड औषधालाही नाही. चितेसाठी मिठाच्या पेट्यांची फळकुटं जमवली, कोणी आपल्या खोलीतलं टेबल दिलं. अग्नी फिटरने दिला. तो आपल्याच भाषेतला आहे, धाकट्याबरोबरच इकडे आला होता. मी विचारलं, "मंत्र म्हटलेस का रे?" तर म्हणाला, "मला कुठले मंत्र येतात दादा? मी त्याच्याशी बोलत बसलो." तू खाऊ भरून दिलेल्या झाकणाच्या डब्यात अस्थी ठेवल्या आहेत. खोलीत मी आहे तोवर तो डबा माझ्या उशाशी आहे.

आता त्याच्या कामाविषयी. ते त्याने तुला कधी नीट सांगितलं नसावं, कारण मलाही सांगितलं नव्हतं. पावसात इथलं खारं तळं भरतं. पाऊस संपून कोरडे दिवस लागले की पाणी ओसरतं आणि वर मिठाची खपली धरते. मी जन्म पिठाच्या गिरणीत काढला, तरी इतकं पांढरं कधी पाहिलं नाही. दिसायला फरशीसारखं, पण खाली कुठे चिखल, कुठे झऱ्यांची तोंडं. मीठ कापायची जागा पलीकडच्या काठाला, म्हणजे गाड्या या खपलीवरूनच न्यायच्या. म्हणून मोसमाच्या सुरुवातीला एक रिकामी गाडी पहाटे, मीठ गारठून घट्ट असतं तेव्हा, एकटी पुढे जाते. ती जिथून जाते तो त्या वर्षीचा रस्ता. बाकीच्या तिच्या चाकोरीतून; पुढेही मोसमभर रोज पहाटे तीच आधी जाते. त्या पहिल्या गाडीवर इतके मोसम आपला धाकटा होता. मुकादम म्हणतो, तो कानाने गाडी चालवायचा. खपली तडकण्याआधी बारीक आवाज करते. तो ऐकू यावा आणि वेळ आली तर उडी मारता यावी, म्हणून पहिल्या गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार काढूनच ठेवतात. अधूनमधून एखादी गाडी खचते. ड्रायव्हर उडी मारून बाजूला होतो, सगळे मिळून दोर लावून गाडी ओढतात आणि दिवसभर त्याची चेष्टा करतात. या वेळी त्याची गाडी खचली आणि चेष्टा करून घ्यायला तो राहिला नाही.

सगळं क्षणात झालं म्हणतात. मुकादमाकडची कामं उरकली की निघतो. आईला जप, आणि स्वतः जेवत जा.

दादा

१७ मे

ती. दादांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आईंना वाचून दाखवलं. खोली झाडल्याचं ऐकून त्या नुसत्या मान हलवत होत्या. फिटरभाऊ त्यांच्याशी बोलत बसले, तिथे मात्र त्यांनी पदर तोंडाला लावला. घर ठीक आहे. गिरणी जाऊबाई चालवतात. गिऱ्हाइकं म्हणतात, पीठ जाडं येतं. जाऊबाई म्हणतात, "दात दिलेत ना देवाने? चावा." चिमीला मी अजून पूर्ण सांगितलेलं नाही, पण तिला कळलं असावं. ती आता बाबांविषयी विचारत नाही.

दादा, मला एक विचारायचं आहे. हे दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही.

दाराविषयी तुम्ही जे लिहिलंत ते मला आत्ता कळलं. मला यांनी एवढंच सांगितलं होतं की गाडीला दार नाही, वारा लागतो, खोकला जात नाही. का नाही, ते सांगितलं नाही. त्या शेवटच्या फोनवर मध्ये मध्ये खोकत होते. मी म्हटलं, दार बसवून घ्या. तर हसले. मी म्हटलं, "माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला, दार लावल्याशिवाय गाडीत बसायचं नाही." तर म्हणाले, "तुझ्या शपथांवर माझा विश्वास नाही, ठाऊक आहे ना?" लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक शपथेची त्यांनी अशीच टर उडवली आहे. त्याचं काही नाही. पण मग मी विचारलं, हा मोसम शेवटचा ना? त्याआधीच्या वर्षी तसं कबूल केलं होतं. मग म्हणाले, "इथे सकाळी जे दिसतं ते सोडवत नाही गं." मला इतका राग आला. आम्ही इथे त्यांची वाट बघत बसतो आणि यांना मीठ सोडवत नाही! मी म्हटलं, "मग तिथेच राहा. परत येऊ नका." आणि फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते त्या गाडीत बसले.

आता तुम्ही लिहिता, गाडीला दार नसतं. कान इतका तयार. सगळे उडी मारतात. मग यांनी का नाही मारली? मला रात्रंदिवस एकच दिसतं. मी परत येऊ नका म्हटलं आणि ते आले नाहीत.

तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. तिथल्या लोकांना विचारा आणि खरं काय असेल ते कळवा. मी सहन करीन.

धाकटी

२७ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मी चौकशी केली. नक्की काय झालं हे कोणी सांगू शकत नाही. सगळे मागे काठावर होते आणि पहाटे उजेड कमी असतो. त्याच्या अंगात कसर होती असं म्हणतात, तेव्हा हालचालीला वेळ लागला असेल. माणसाला प्रत्येक वेळी उडी साधतेच असं नाही. तू असले विचार मनात आणू नकोस. नवरा-बायकोत बोलाचाली होतच असतात.

इथे आता आकाश रोज स्वच्छ असतं. पावसाचा मागमूस नाही. ऊन इतकं कडक की टोपी न घालता बाहेर पडलं तर नाक सोलून निघतं, आणि सावलीत गेलं की हुडहुडी भरते. धुतलेला सदरा वाळत घातला तर तासाभरात कडक होतो. अपघातानंतर काम थांबलं आहे. पाणी आणखी ओसरू दे, मग नवा रस्ता पाडू, असं मुकादम म्हणतो. माणसं कोपऱ्याकोपऱ्यावर उन्हाला बसलेली असतात. इथे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. फिटरने तीन वेळा प्रयत्न करून पाहिला, शेवटी म्हणाला, "दादा, आमटी समजून प्या आणि डाळ समजून चावा."

मला अजून थोडे दिवस लागतील. जाऊबाईंना सांग, गिरणीच्या पट्ट्याला मेण लावायला विसरू नये.

दादा

६ जून

अहो,

धाकटीच्या पाकिटात तिला न विचारता ही चिठ्ठी घालते आहे. तुमचं पत्र तिने मला दाखवलं. इतकं सुवाच्य अक्षर तुम्ही फक्त काही लपवायचं असतं तेव्हा काढता. आपल्या लग्नानंतर तुमच्या मामांना अर्धांगाचा झटका आला होता, तेव्हाही 'प्रकृती मध्यम' असं असंच मोत्यासारखं लिहिलं होतंत.

तुम्ही डाळीवर आणि सदऱ्यावर अर्धं पत्र लिहिलंत. तिने काय विचारलं होतं? ती आता जेवत नाही. ताटावर बसते, चिमीला भरवते आणि उठते. मी ओरडले, तर म्हणाली, "जाऊबाई, दादांना खरं सांगवत नाही, म्हणजे तसंच झालं." तुमच्या दयेने पोरगी मरेल. काय असेल ते लिहा. पट्ट्याला मेण लावलं आहे.

६ जून

ती. दादांना साष्टांग नमस्कार.

पत्र पोहोचलं. मी पुन्हा विचारणार नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही असंच लिहिलं असतं.

एक विनंती आहे. अस्थी इकडे आणू नका. तिथेच जे काही पाणी असेल त्यात सोडा. त्यांना तिथून हलायचं नव्हतं. मीच त्यांना येऊ नका म्हटलं, आता कोणत्या तोंडाने घरात घेऊ? आईंना मी सांगेन की इतक्या लांबून आणू देत नाहीत.

चिमीने काल विचारलं, बाबा रागावले होते का. मला उत्तर देता आलं नाही. तुमच्याकडे असेल तर आल्यावर तिला सांगा.

धाकटी

१७ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तू जे विचारलं होतंस त्याचं उत्तर मला मागच्या पत्राआधीच कळलं होतं. ते मी लिहिलं नाही. आता लिहितो. बसून वाच.

तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी ते खिशात घेऊन मी फिटरकडे गेलो. तो एका गाडीखाली उताणा पडून काम करत होता, नुसते पाय दिसत होते. मी म्हटलं, "खरं सांग. त्याने उडी का मारली नाही?" पान्ह्याचा आवाज थांबला. मग खालूनच म्हणाला, "दादा, दार होतं."

"कसलं दार? पहिल्या गाडीला दार नसतं ना?"

"त्या दिवशी होतं. मीच बसवून दिलं."

मग तो बाहेर आला आणि त्याने मला सांगितलं. ते जसंच्या तसं लिहितो. आदल्या संध्याकाळी धाकटा खालच्या गावातून, तुला फोन करून आला. शेडमधून काढलेलं दार उचलून आणलं आणि म्हणाला, "चल, एक हात दे, हे चढवू." फिटरने चेष्टा केली, "काय रे, आत नवरी बसवून नेणार आहेस का?"

धाकटा म्हणाला, "घरून शपथ पडली आहे."

"तू कधीपासून शपथा मानायला लागलास?"

"मी कुठे मानतो? ती मानते ना. मी मोडली आणि उद्या तिचं नुसतं डोकं दुखलं, तरी मी इथे बसून काय करू? लाव."

फिटर म्हणाला, "अरे, पण ऐकू कसं येईल?" तर म्हणाला, "माझे कान ठाऊक नाहीत का तुला? दाराआडूनही ऐकतील." मग फिटरने विचारलं, "चेहरा असा का? भांडलास वाटतं फोनवर." धाकटा म्हणाला, "तिने आपटला फोन." "मग?" "मग काय, परवा पुन्हा करायचा."

एवढंच बोलणं झालं. पहाटे तो गाडीत बसला, दार ओढून घेतलं, काच वर केली. निम्म्या वाटेवर झऱ्याचं तोंड होतं. खपलीचा आवाज त्याला ऐकू आला नसणार. गाडी नाकावर आत गेली आणि दोन्ही दारांवर बाहेरून मिठाचा चिखल दाटला. ती उघडली नाहीत. त्याने उघडायचा प्रयत्न केला होता. त्याच्या हातांवरून ते कळलं, असं फिटर म्हणाला. त्याला बाहेर यायचं होतं, धाकटे.

हे ऐकल्यावर मी खोलीत येऊन बसलो. फिटर मागून आला आणि म्हणाला, "दादा, हे इथेच राहू द्या. वहिनींना जन्मभर पुरेल." मलाही तेच पटलं. त्याने तुझ्या शपथेपायी दार लावलं, हे तुला कोणत्या शब्दांत सांगायचं? मी देवापुढे बसून विचारलं. देवाने काही उत्तर दिलं नाही. अशा गोष्टींत तो देत नाही, हे मला या वयात कळलं आहे. म्हणून मी डाळीचं आणि सदऱ्याचं लिहिलं. पण त्याने तुला जे वाटायला लागलं ते याहून भयंकर आहे, आणि ते खोटं आहे.

परवा पहाटे नवा रस्ता पाडायला गाडी निघाली. मी मुकादमाला म्हटलं, मला शेजारी बसू दे. तो नको नको म्हणाला, मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या बाजूचंही दार काढायला सांगितलं. वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावर यायच्या आत गार होतं. कानाच्या पाळ्या आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. मला तिथे पहिल्यांदा खोकला आला, आणि मनात आलं, याच वाऱ्यात तो इतके मोसम खोकत बसला आणि कोणी त्याला दार लाव म्हटलं नाही. मी म्हटलं नाही. आईने म्हटलं नाही. एका तुलाच तो खोकला इतक्या लांबून ऐकू आला.

मग सूर्य वर आला आणि सगळं तळं एकदम उजळलं. त्याला काय सोडवत नव्हतं ते मी पाहिलं. मला ते शब्दांत सांगता येत नाही, त्यालाही येत नसे. तू त्यावर रागावलीस ते बरोबर होतं. बायको-मुलीपेक्षा मोठं ते नाही. पण तो खोटं बोलत नव्हता.

गाडी सुखरूप पलीकडे पोहोचली. माणसं ओरडली, मुकादमाने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी खाली उतरून मिठावरच बसलो.

आता नीट ऐक. तुझ्या शपथेने त्याला मारलं, असं तू म्हणशील. ते म्हणण्यापासून मी तुला थांबवू शकत नाही. पण पहिल्या गाडीला दार का नसतं, हे तुला ठाऊक होतं का? त्याने तुला सांगितलं नाही, तू घाबरशील म्हणून. तू त्याला वाऱ्यातून वाचवायला बघत होतीस आणि तो तुला काळजीतून. दोघांनीही वाईट चिंतलं नव्हतं. हे दुःख तुला न्यावं लागेल, आणि आम्ही सगळे तुझ्याबरोबर नेऊ. पण तो रागाने तिथे राहिला, हे मनातून काढून टाक. रागावलेला माणूस बायकोची शपथ पाळायला संध्याकाळी दार बसवत नाही. त्याचा स्वतःचा शपथेवर विश्वास नव्हता. त्याने ती तुझ्यासाठी पाळली.

चिमीला तू सांग, बाबा रागावले नव्हते. मी सांगण्यापेक्षा तू सांगितलंस तर तिला पटेल.

अस्थी मी इथे सोडणार नाही. त्याला घरी आणतो आहे.

दादा

१७ जून

अगं,

धाकटीचं पत्र याच पाकिटात आहे. आधी तू वाचू नकोस, तिलाच दे. त्या वेळी गिरणी बंद ठेव, गिऱ्हाईक खोळंबलं तर खोळंबू दे. आईला आणि चिमीला शेजारी पाठव. ती वाचत असताना तिच्याजवळ बस. समजूत घालू नकोस, काही बोलू नकोस, ती ओरडली तर ओरडू दे. तुला तिचा हात धरावासा वाटेल. ती धरू देईल तेव्हाच धर.

डाकेची गाडी खाली उभी आहे आणि ड्रायव्हर भोंगा वाजवतो आहे. अक्षर वाईट आलं आहे, तेवढ्यावरून तुला कळेलच. मी तिला सगळं सांगितलं आहे.